आधी घरं, शेवटी चर्च

नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, म्हणून तिथल्या चर्चची मुख्य उपासनाही शनिवारीच होते. २५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता आणि धक्का बसला तो सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य मुलं वाचली असं तिथे सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण नेमक्या त्याच वेळी डोंगरातल्या गावोगावच्या चर्चमध्ये माणसं चटयांवर मांडी घालून बसली होती. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ केंद्र असलेल्या ७.८ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसं गेली आणि जवळजवळ ५ लाख घरं भुईसपाट झाली. १२ मे रोजी ७.३ चा आणखी एक धक्का बसला आणि तडे जाऊन उभं राहिलेलंही पडलं.

धादिंग जिल्ह्याच्या उत्तरेला, मी ज्या तामांग समाजाच्या गावात काम केलं तिथलं चर्च उपासना चालू असतानाच बसलं. गावाचं नाव लिहीत नाही. कारण जमिनीचं आहे, ते पुढे येईलच.

मी मूळचा नगरचा. सिव्हिलचा डिप्लोमा हातात पडून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढची काही वर्षं लातूर-उस्मानाबादकडे जुन्या घरांच्या मजबुतीकरणात गेली. ५२ गावं उठवून नवीन जागी वसवली, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याहून कितीतरी जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त झाली, त्याबद्दल कोणी बोलत नाही. भिंतीला भोकं पाडून आडवे दगड नाहीतर सळया बसवायच्या, लिंटलच्या, म्हणजे दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या, वर पट्टा बांधायचा, माळवदावरची माती कमी करायची, असं ते काम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांना हे माहीत होतं. नेपाळातल्या चर्चच्या मदतकार्यातून ‘दगडमातीचं बांधकाम कळणारा कोणी असेल तर पाठवा’ असा निरोप आला, तेव्हा ते सरळ घरी आले. म्हणाले, “वर्गणी नको, तुम्हीच हवे आहात.” बायकोने चहा ठेवता ठेवताच माझी स्वेटर काढून ठेवली. तिने माझ्या आधीच ठरवलं होतं.

पहिल्यांदा गेलो तो नाकाबंदीचा हिवाळा. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळचं नवं संविधान लागू झालं, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, आधीपासूनचं आंदोलन आणखी पेटलं आणि भारताच्या सीमेवरून येणारा माल फेब्रुवारीपर्यंत अडकून राहिला. पेट्रोल बाटल्यांतून विकलं जात होतं, काठमांडूतली हॉटेलंसुद्धा लाकडावर भात शिजवत होती. त्या दिवसांत भारतीय माणूस म्हणून तिथे वावरणं सोपं नव्हतं. मलेखूला जेवायला थांबलो तर खाणावळवाल्या दिदीने विचारलं, “इन्डियाबाट?” मी हो म्हटल्यावर तिने तळलेला मासा ताटात वाढला आणि मग पंधरा मिनिटं गॅस सिलिंडरवरून मला धारेवर धरलं. मी काय बोलणार? गप्प बसून जेवलो. मलेखूहून धादिंगबेसी, तिथून जीप जाईल तिथवर जीप, आणि नंतर अंगात दम असेल तितकं चालायचं.

गावात लोक पत्र्याच्या अर्धगोल खोपटांत राहत होते. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सरकारने घरटी १५ हजार नेपाळी रुपये दिले होते, थंडीच्या कपड्यांसाठी आणखी १० हजार. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने दव ठिबकायचं आणि अंथरुणं ओली व्हायची. म्हातारी माणसं भूकंपातून वाचली आणि त्या हिवाळ्यात खोकून गेली, असं पास्टर सांगत होते. पास्टर म्हणजे चाळिशीचा शेतकरीच. आठवडाभर मका आणि कोदो, म्हणजे नाचणी, आणि शनिवारी उपासना.

मी पोचलो तेव्हा मंडळीसमोर एक तयार प्रस्ताव होता. परदेशातल्या एका गटाला चर्च बांधून द्यायचं होतं. पूर्ण काँक्रीटचं, एका हंगामात, सगळा खर्च त्यांचा. दारावर त्यांच्या नावाची पाटी आणि उद्घाटनाला त्यांचे लोक, एवढीच अट. ताडपत्रीखाली बैठक बसली. तरुण पोरांना प्रस्ताव हवा होता, आणि त्यांना नावं ठेवायचा मला काहीच अधिकार नाही. ज्यांचं सगळं पडलंय त्यांना पक्की इमारत दिसली तर मोह होणारच. पण एका आजींनी विचारलं की मी बकऱ्यांबरोबर झोपते आणि प्रार्थनेला मात्र सिमेंटच्या घरात येऊ का? त्यांची सून त्या शनिवारी चर्चमध्येच गेली होती. त्यांच्यापुढे कोणी बोललं नाही. ठरलं असं की आधी घरं, मग गुरांचे गोठे आणि धान्य ठेवायची जागा, आणि चर्च सगळ्यात शेवटी. तोवर उपासना ताडपत्रीखाली.

दुसरी गोष्ट पास्टरांनी स्वतः ठरवली आणि कोणाला विचारलंही नाही. मदतीची यादी चर्चची नसेल, टोलची असेल. टोल म्हणजे आपल्याकडची वाडी. त्या टोलमध्ये निम्मी घरं बौद्ध, त्यांचा गुम्बाही, म्हणजे मठही, पडलेला. तेव्हा तांदळाच्या पोत्याबरोबर बायबल वाटल्याच्या तक्रारी नेपाळभर गाजत होत्या. संविधानात देश धर्मनिरपेक्ष आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला त्याच संविधानाच्या कलम २६ ने मनाई केली आहे. पास्टरांचं म्हणणं सोपं होतं: पोत्यात फक्त तांदूळ. मला ते भीतीपोटी वाटलं नाही. शेजाऱ्याचं घर पडलेलं असताना त्याला काही पटवून देणं त्यांना अभद्र वाटत असावं.

आता बांधकामाचं. हा भाग थोडा लांबेल.

तिथली जुनी घरं आपल्या मराठवाड्यातल्या घरांची सख्खी भावंडं आहेत. फरक एवढाच की वर माळवद नसतं, दगडी पाटीचं किंवा पत्र्याचं उतरतं छप्पर असतं. भिंत दीड-दोन फूट जाड, पण ती एक भिंत नसतेच. आतल्या बाजूने एक थर, बाहेरच्या बाजूने एक थर आणि मध्ये भरलेला चुरा. धक्का बसला की आतला चुरा खाली बसतो, दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरचा थर अंगणात पडतो. किल्लारीत मी हेच पाहिलं होतं. औषधही तेच आहे, आणि स्वस्त आहे. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतरावर बसवायचा, उभ्यात साधारण दोन फुटांवर आणि आडव्यात चार फुटांवर. कोपऱ्यात लांब दगड आळीपाळीने दोन्ही भिंतींत घुसवायचे. जोत्यावर, खिडकीच्या तळाशी, लिंटलला आणि छपराखाली चारही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा. काँक्रीटचा परवडला तर काँक्रीटचा, नाहीतर लाकडाचा. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब. नदीतले गोल गुळगुळीत गोटे भिंतीत अजिबात नकोत.

हे कागदावर सांगून कोणी ऐकत नाही. तिथल्या म्हाताऱ्या डकर्मींनी, म्हणजे गवंड्यांनी, आयुष्यभर भिंती रचल्या होत्या आणि त्यांच्या हातची काही घरं उभीही होती. त्यांना मी काय शिकवणार? म्हणून आम्ही पडलेल्या घरांवरूनच सुरुवात केली. ढिगारा उपसताना प्रत्येक भिंतीत आरपार दगड किती सापडतात ते मोजायला सांगितलं. जी भिंत उभी राहिली तिच्यात ते होते, पडलेल्या बहुतेकींत नव्हते. एक डकर्मी दाजू, म्हणजे दादा, ओळंबा हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या बाजेला हे माहीत होतं.” बाजे म्हणजे आजोबा. आजोबा बसवायचे ते लांब दगड, नातवाने घाईत सोडले, कारण लांब दगड खाणीतून काढायला मेहनत लागते आणि गिऱ्हाईक तेवढ्या मजुरीचे पैसे देत नाही. यात अज्ञान कुठेच नाही, मजुरीचा हिशेब आहे.

सरकारने अनुभवी गवंड्यांसाठी सात दिवसांचं आणि नव्यांसाठी कामावरच पन्नास दिवसांचं प्रशिक्षण ठरवलं होतं. नवे म्हणून आले त्यांत बायका जास्त. गावातले निम्मे पुरुष मलेशिया नाहीतर आखातात, मग दुसरं कोण येणार? सुरुवातीला दाजू लोक त्यांना फक्त माती कालवायला लावत. एका दिदीने काटकोन पाहायचा गुण्या लावून कोपरा तपासला आणि तो बाहेर गेलाय असं चारचौघांत दाखवून दिलं. दाजूंनी तो कोपरा उतरवून पुन्हा रचला. त्यानंतर कोणी तिला पाणी आणायला पाठवलं नाही.

पहिलं घर बकऱ्यांबरोबर झोपणाऱ्या त्या आजींचं. शिकाऊ हातांनी बांधलेलं, त्यामुळे वेळ दुप्पट लागला. गावात पर्म म्हणून श्रमाची देवघेव चालते, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. आपल्याकडच्या सावडीसारखीच. पण आजींकडे परत द्यायला हात नव्हते. त्यांच्या वाट्याचे दिवस मंडळीने भरले, आणि टोलमधली बौद्ध घरंसुद्धा न बोलावता आली.

पैशाचं गणित मात्र डोकं फिरवणारं. २०१५ च्या शेवटी पुनर्निर्माण प्राधिकरण स्थापन झालं. घराचं अनुदान आधी २ लाख होतं, पुढे ३ लाख नेपाळी रुपये झालं आणि तीन हप्त्यांत मिळायचं. करारावर सही केल्यावर ५० हजार. जोतं नियमाप्रमाणे झालं की दीड लाख. भिंती छपराच्या पट्ट्यापर्यंत आल्या की शेवटचे १ लाख. प्रत्येक टप्प्यावर इंजिनिअर येऊन तपासणार. तत्त्व उत्तम आहे, मीसुद्धा असंच केलं असतं. पण पहिला हप्ता घ्यायला बँकेपर्यंत चालत जायचं, वाटेत मुक्काम, आणि ५० हजारांपैकी मोठा भाग सिमेंट-सळया खेचरांवर लादून वर आणण्यात जायचा. खाली जे पोतं साध्या भावात मिळतं, ते वर येईपर्यंत चैनीची वस्तू होतं. म्हणून आम्ही रोख रक्कम कोणाला दिली नाही. चर्चच्या निधीतून फक्त खेचरांचं भाडं, पट्ट्यासाठीच्या सळया आणि गवंड्यांची मजुरी. घर सरकारी हप्त्यावर उभं राहायचं, आमचे पैसे चढ चढायला लागायचे.

या पद्धतीचा एक वाईट परिणाम मी नेपाळात सगळीकडे पाहिला आणि आमच्याही गावात थोडाफार झाला. लोक हप्ता बुडू नये म्हणून नियमात बसणारं एक-दोन खोल्यांचं घर झटपट बांधायचे, आणि राहायचे मात्र शेजारच्या तडे गेलेल्या जुन्या घरातच. नवं घर थोडक्यात दाखवण्यापुरतं. त्यांचंही चुकत नाही. मका कुठे टांगायचा, चूल कुठे, बकऱ्या कुठे, सणाला आलेल्या लेकी कुठे झोपणार? नमुना-नकाशे करणाऱ्यांनी भिंतीचा विचार नीट केला, धान्याचा केला नाही. आम्ही काही ठिकाणी वरचा पोटमाळा नियमात राहून हलक्या लाकडाचा करून दिला, तिथे लोक खरोखर राहायला गेले.

घरं होत आली तसा चर्चचा विषय निघाला आणि जमिनीची गाठ पुढे आली. नेपाळात चर्चला चर्च म्हणून नोंदणी मिळवणं फार अवघड, त्यामुळे जमीन बहुधा कोणा विश्वासूच्या खासगी नावावर असते. या चर्चची जमीन ज्यांच्या नावावर होती ते गृहस्थ भूकंपाच्या आधीच वारले होते. लालपुर्जा, म्हणजे जमिनीचा मालकीचा कागद, मुलांकडे. एक मुलगा मंडळीत, दुसरा नाही, आणि रस्ता वर येणार म्हणून भाव चढलेले. दुसऱ्या मुलाला वाईट माणूस म्हणता येणार नाही. त्याचंही घर पडलं होतं. बोलणी कितीतरी महिने चालली. शेवटी मी एक तांत्रिक गोष्ट सांगितली, तिने भांडणच निकालात निघालं. जुनं चर्च पायऱ्यांच्या शेताच्या काठावर होतं. अशा पायरीचा आतला अर्धा भाग डोंगर कापून झालेला असतो आणि बाहेरचा अर्धा भराव असतो. इमारतीचा पुढचा निम्मा पाया भरावावर होता आणि पडताना तीच बाजू आधी गेली. ती जागा फुकट मिळाली तरी तिथे बांधू नका, असं मी बैठकीत स्पष्ट सांगितलं.

मग वरच्या अंगाला, ओढ्यापासून दूर, लहानसा पण पक्का तुकडा विकत घेतला. दोन पावसाळे त्यावर नजर ठेवली होती, भेग पडली नव्हती. पैसे मंडळीचे. बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळे काढायच्या आणि शनिवारी आणायच्या, आखातातली पोरं पाठवायची, कोणी बकरी विकली. मालपोत कार्यालयात, म्हणजे जमिनीच्या सरकारी कचेरीत, जमीन तिघांच्या नावाने झाली, त्यातली एक बाई. कागदावर ती आजही तीन शेतकऱ्यांची शेतजमीन आहे. गावाचं नाव का टाळलं ते आता कळलं असेल.

चर्चच्या नकाशात खरी अडचण वेगळीच होती. घरासाठीचे सगळे नियम एका गृहीतावर उभे आहेत: भिंत लांब नसावी, साधारण पंधरा फुटांच्या आत तिला आडवी भिंत मिळावी. हॉलला मधली भिंत नसते. घराच्या पद्धतीने दगडमातीत हॉल बांधला की लांब भिंत आधाराविना राहते, आणि पडलेली बहुतेक चर्च अशीच होती. सिमेंटमध्ये जाड बांधता आलं असतं, पण मी लोकांना विचारलं तेव्हा तंत्राच्या आधीच उत्तर आलं. डोक्याच्या वर दगड नको. एकही नको. दगडी भिंतीला टेकून बसायला कोणी तयार नव्हतं.

त्यामुळे दगडी भिंत फक्त कंबरेपर्यंत ठेवली, पट्टा घालून. त्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा, तिरके बांध, बाजूला पत्रा आणि लाकडाच्या फळ्या, वर पत्र्याचं हलकं छप्पर. पाइप खेचरांवर मावेल अशा लांबीचे कापून आणले आणि वर जोडले. वेल्डिंगपुरती वीज नव्हती म्हणून सगळे जोड नटबोल्टचे. दारं एकाऐवजी तीन, तिन्ही बाहेर उघडणारी. बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या, आणि पूर्वीचं एकमेव दार पुरुषांच्या बाजूला होतं. हे मला दिदींनी सांगितलं, नाहीतर माझ्या लक्षात आलं नसतं. आणि चपला! आत अनवाणी बसायची रीत, म्हणून पन्नास-साठ जोड उंबऱ्यातच पडलेले. त्या दिवशी पळताना माणसं त्यांवरच अडखळली होती. चपलांसाठी बाजूच्या भिंतीला फळ्या ठोकल्या आणि दारासमोरची जागा मोकळी ठेवायचं काम दोन पोरांवर सोपवलं.

पत्र्याला एक तोटा आहे, पाऊस आला की पास्टरांचं वचन कोणाला ऐकू येत नाही. खालून बांबूच्या चटईचं अस्तर मारलं, थोडा फरक पडला. फार नाही. आषाढात ते प्रवचन आखडतं घेतात आणि त्याबद्दल मंडळीची काही तक्रार नाही.

पाटीवाला गट नंतर दुसऱ्या गावात गेला. तिथे त्यांनी चर्च बांधलं, ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही. आमच्या चर्चवर पाटी नाही, क्रूसही लहानच आहे. तो मोठा करावा की नाही यावर मंडळीत दोन मतं आहेत आणि मला विचारलं तेव्हा मी वाऱ्याचा दाब सांगून सुटका करून घेतली.

तोवर गवंडी जमात चांगली तयार झाली होती. चर्चचं काम संपायच्या आधीच गुम्बाच्या समितीने त्यांना बोलावलं. पोरांपैकी काहींना प्रश्न पडला की जावं का. पास्टर म्हणाले, “रोज काय देतायत?” रोज चांगला होता. गेले. गुण्या लावून कोपरा तपासणारी ती दिदी तिथे मुख्य डकर्मी होती, आणि तिने लामांना गोल गोटे वापरू दिले नाहीत. आता ती धादिंगबेसीकडे ठेके घेते. मला कधीमधी फोटो पाठवते भिंतींचे, खाली काहीच लिहीत नाही. मी आरपार दगड मोजतो आणि एखादा कमी वाटला तर विचारतो. बहुतेक वेळा तो फोटोच्या कडेला असतो.